पाठीमागची खातरजमा

दसरा उलटून कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडली, म्हणजे परभणी जिल्ह्यातील मानवत आणि सेलू या गावांच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पांढऱ्या मालाने शिगोशीग भरलेल्या वाहनांची जी रीघ लागते, ती उन्हाळा तोंडावर येईपर्यंत तुटत नाही. आणि या वाहनांपैकी प्रत्येकाला, मग तो छोटा हत्ती असो, पिकअप असो किंवा ट्रॅक्टरमागची ट्रॉली असो, वजनकाट्यावरून उतरल्यानंतर आपला माल गंजीपाशी रिता करण्याकरिता निदान एकदा तरी उलटे जावेच लागते. पुढे जाणाऱ्या चालकापुढे रुंद काच असते, दिवे असतात, भोंगा असतो आणि रस्त्यावरच्या माणसाची नजरही येणाऱ्या गाडीकडे लागलेली असते. मागे जाणाऱ्या चालकापाशी मात्र बाजूचे दोन आरसे, खिडकीबाहेर काढलेली मान आणि कोणीतरी खालून घातलेली हाक, एवढेच भांडवल उरते. आतल्या आरशात पाहावे, तर भरलेल्या मालाखेरीज काही दिसत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच आवारात, गाडीच्या सावलीला टेकलेला शेतकरी, कापूस लोटणाऱ्या बाया, त्यांच्याबरोबर आलेली आणि मातीत खेळणारी लेकरे, पडलेली पावती उचलण्यासाठी वाकलेला हमाल अशी सगळी माणसे त्या गाडीच्या पाठीमागे वावरत असतात.

गाडीच्या मागचा जो टापू चालकाला दिसत नाही, तो किती मोठा असतो याची कल्पना पुष्कळ जुन्या-जाणत्या चालकांनासुद्धा नसते. साध्या भूमितीने त्याचा हिशेब करता येतो. चालकाचा डोळा जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहे, मागच्या काचेची खालची कड एक मीटर दहा सेंटिमीटरवर आहे आणि या दोहोंमध्ये अडीच मीटरांचे अंतर आहे असे धरले, तर त्या कडेवरून निघालेली नजरेची रेषा काचेपासून जवळजवळ सात मीटर मागे गेल्यावर जमिनीला टेकते. ऐंशी सेंटिमीटर उंचीचे, नुकते चालू लागलेले मूल काचेपासून पावणेदोन मीटरांवर उभे असेल, तर त्याच्या डोक्याचा केसही चालकाला दिसणार नाही. आणि तेच मूल मातीत बसलेले असेल, तर साडेतीन मीटरांवरही ते अदृश्यच राहील. हा हिशेब रिकाम्या, स्वच्छ काचेच्या मोटारीचा झाला. मालाने भरलेल्या पिकअपला मागची काच असून नसल्यासारखीच असते. गाडी जितकी उंच, तितका हा आंधळा टापू लांब. आणि आपल्या जिल्ह्यात रस्त्यांच्या अवस्थेमुळे म्हणा की मालवाहतुकीच्या गरजेमुळे म्हणा, उंच गाड्यांचाच भरणा अधिक आहे.

या टापूत डोळा पोहोचवण्याचे साधन आज तालुक्याच्या गावीही काही हजार रुपयांत मिळते. गाडीच्या पाठीमागे बसवायचा छोटा कॅमेरा आणि चालकासमोरच्या आरशातच उमटणारा त्याचा पडदा, अशी ती जोडी असते. नव्या, महागड्या मोटारींत ती कारखान्यातूनच येते म्हणून तिच्याकडे चैनीची वस्तू म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. ज्याच्या दारात नवी मोटार आहे, त्याच्यापेक्षा ज्याच्या दारात बारा-पंधरा वर्षांची जीप, पिकअप किंवा मालवाहू गाडी आहे, आणि जिच्यामागे घरची, शेजारची व मजुरांची मुले खेळतात, त्या माणसाला या साधनाची निकड अधिक आहे. मात्र ते कसे बसवले जाते यावर त्याचे सारे मोल अवलंबून आहे. आणि बसवण्याच्या कामाची माहिती गिऱ्हाईकाला जुजबी असते म्हणूनच ते काम पुष्कळदा कसेबसे उरकले जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू ती माहिती देण्याचा आहे.

कॅमेरा जे काम करतो, ते काम मुळात माणसाचे. ट्रकबरोबर क्लीनर असे, तो गाडी मागे घेण्याच्या वेळी खाली उतरे, चालकाला बाजूच्या आरशात दिसेल अशा बेताने उभा राही, आणि फळीवर तळहाताने थाप देत ‘येऊ द्या, येऊ द्या’ अशी लय धरून अखेरीस ‘बस्स!’ म्हणून गाडी थांबवी. परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी यांपैकी कोणत्याही एसटी स्थानकात फलाटावरून मागे निघणाऱ्या बसच्या पाठीशी वाहकाची शिट्टी आजही ऐकू येते, ती याच परंपरेतली. या माणसाची जागा यंत्राने घेण्याचा पहिला प्रसिद्ध प्रसंगही मोठा बोधप्रद आहे. ३० मे १९११ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे पहिली पाचशे मैलांची मोटार-शर्यत झाली, तेव्हा चालकाच्या शेजारी मेकॅनिक बसवण्याचा शिरस्ता होता आणि मागून कोण येत आहे हे चालकाला सांगत राहणे हे त्याच्या कामांपैकी एक मोठे काम होते. रे हॅरून हा चालक आपल्या मार्मन वास्प मोटारीत एकटाच बसणार असे समजताच इतरांनी हरकत घेतली. तेव्हा त्याने मोटारीवर एक आरसा चढवला, आणि ती शर्यत जिंकलीही त्यानेच. जनरल मोटर्स कंपनीने पुढे १९५६ साली, म्हणजे आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला त्याच वर्षी, ब्यूक सेंच्युरियन नावाची एक नमुना-मोटार प्रदर्शनात मांडली. तिच्यात मागे पाहण्याच्या आरशाऐवजी शेपटाशी दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि चालकापुढे पडदा होता. ती मोटार कधी बाजारात आली नाही, आणि त्या काळच्या जड, महाग यंत्रसामग्रीने ती येणे शक्यही नव्हते. परंतु आज परभणीतल्या दुकानात जे विकले जाते, त्याचे बीज तेथे आहे.

या साधनाला कायद्याचे बळ मिळाले ते एका मुलाच्या मृत्यूमुळे. २००२ साली न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर कॅमेरॉन गुलब्रान्सन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्या घराच्या आवारात, वडील गाडी मागे घेत असताना, तिच्याखाली सापडून मरण पावला. वडील व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ होते. सावधपणात त्यांनी काही कसूर केली होती असे नव्हे, त्यांना मूल दिसण्याची सोयच त्या गाडीत नव्हती. पालकांच्या दीर्घ खटपटीनंतर २००८ साली त्या मुलाच्या नावाने अमेरिकेत कायदा झाला, आणि १ मे २०१८ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला व हलक्या वाहनाला मागचा कॅमेरा सक्तीचा ठरला; गाडीमागचा दहा फूट बाय वीस फूट एवढा टापू पडद्यावर दिसलाच पाहिजे, असा त्यातला दंडक आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागे घेताना इशारा देणारी यंत्रणा आवश्यक करण्यात आली. बहुतेक गाड्यांत ती बंपरमधल्या सेन्सरच्या रूपाने येते, आणि हे सेन्सर फक्त वाजतात. मागे भिंत आहे, बाभळीचे झुडूप आहे की माणूस आहे, हे ते सांगू शकत नाहीत. त्या तारखेपूर्वीच्या गाड्यांना तर एवढाही आधार नाही, आणि आपल्या गावोगावच्या गाड्या पुष्कळशा त्या तारखेपूर्वीच्याच आहेत.

आता सामग्रीकडे वळू. कॅमेरा आवळ्याएवढा असतो. त्याच्या भिंगाची कक्षा साधारण १२० ते १७० अंशांची, म्हणजे माणसाच्या सरळ नजरेहून पुष्कळ रुंद असते. पडदा बहुधा ४.३ इंचांचा असून तो ज्या आरशामागे दडवलेला असतो, त्याची काच अर्धपारदर्शक असते: पडदा विझलेला असताना तो निखळ आरसा, आणि पडदा उजळला की त्याच काचेतून चित्र बाहेर येते. हा आरसा मूळ आरशावर रबरी पट्ट्यांनी चढवता येतो, डॅशबोर्डला छेद द्यावा लागत नाही. मला या योजनेचे विशेष कौतुक वाटते ते दुसऱ्याच कारणाने. मागे पाहायचे म्हणजे वर, मधल्या आरशाकडे पाहायचे, ही सवय चालकाच्या मानेला वर्षानुवर्षे जडलेली असते. आणि मालवाहू गाडीत तर ती जागा एरवी वायाच गेलेली असते. पडदा त्या जागी आणल्याने जुनी सवय मोडावी लागत नाही, तिलाच नवी दृष्टी मिळते.

विजेचे गणित समजायला अवघड नाही. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. चालकाने रिव्हर्स गियर टाकला, की गियरबॉक्सवरचा एक स्विच दाबला जाऊन मागचा पांढरा दिवा लागतो. कॅमेऱ्याला वीज द्यायची ती याच दिव्याच्या तारेतून, म्हणजे गियर पडताच कॅमेरा जागा होतो आणि गियर काढताच झोपतो. त्यासाठी निराळे बटण लागत नाही. जुन्या गाड्यांतला रिव्हर्सचा बल्ब २१ वॅटचा असतो. त्याच्या मानाने कॅमेऱ्याला लागणारी एक-दोन वॅट वीज क्षुल्लक आहे. कॅमेऱ्याचे चित्र पिवळ्या टोकाच्या केबलमधून पुढे जाते. पडद्याला तीन तारा असतात: लाल तार किल्ली फिरवल्यावरच वीज देणाऱ्या फ्यूजवर, काळी तार गाडीच्या लोखंडावर, आणि तिसरी तार रिव्हर्स दिव्याकडून आलेल्या बारीक तारेला, जिच्यातून वीज आली की पडद्याला समजते, आता चित्र दाखवायचे. लाल तार किल्लीच्या फ्यूजवर न नेता थेट बॅटरीवर जोडण्याचा आळशी प्रकार काही ठिकाणी चालतो. त्यामुळे पडदा रात्रंदिवस अर्धवट जागा राहतो, आणि दोन-तीन आठवडे उभी राहिलेली गाडी एखाद्या सकाळी चालूच होत नाही.

जोडणीचे खरे कसब तार ओळखण्यात आहे. जाणता कारागीर आधी कोणतीही तार कापीत नाही. तो मागच्या दिव्याचे दोन स्क्रू काढून दिवा बाहेर ओढतो, त्याच्या पाठीमागचा कपलर मोकळा करतो, आणि हाताखालच्या पोराला गाडीत बसवून इंजिन बंद ठेवून, हँडब्रेक ओढून, किल्ली फिरवून रिव्हर्स गियर टाकायला सांगतो. मग टेस्ट लॅम्पचा चिमटा तो गाडीच्या उघड्या लोखंडाला लावतो आणि सुईचे टोक एकेका तारेला टेकवीत जातो. एका तारेवर दिवा लागतो, पण ती पार्किंग दिव्याची असू शकते. म्हणून तो पोराला हाक मारतो, ‘काढ गियर!’, आणि ज्या तारेवरचा उजेड त्या क्षणी मावळतो व ‘टाक!’ म्हणताच परत येतो, ती तार रिव्हर्सची. तारेच्या रंगावर विसंबून काम करणारा माणूस फसतो, कारण रंगांचा संकेत प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. ही तपासणी होण्यास पाच मिनिटे लागतात. आणि कारागिराने ती केली की नाही, हे गिऱ्हाईकाने शेजारी उभे राहून अवश्य पाहावे.

तार सापडल्यावर ती जोडायची कशी, हा दुसरा प्रश्न, आणि बहुतेक बिघाडांचे मूळ येथेच असते. ब्लेडने वेष्टन खरवडायचे, नवी तार पीळ देऊन गुंडाळायची आणि वर काळी चिकटपट्टी मारायची, ही पद्धत झटपट खरी. परंतु वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर गेला की पट्टीचा गोंद वितळून ती सुटते, आणि पुढे आषाढाच्या ओलीने उघड्या तांब्यावर हिरवा गंज चढतो. सांधा डाखाने पक्का करून वर उष्णतेने आवळणारी नळी चढवणे, किंवा गाडीच्या कपलरमध्येच बसणारा जोड-कपलर वापरणे, हेच योग्य. त्या सांध्याजवळ एक-दोन अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज हवा, आणि तो का हवा हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गाडीचा मूळ फ्यूज दहा-पंधरा अँपिअरचा असतो. तो जाड तारांच्या रक्षणासाठी बसवलेला असतो. कॅमेऱ्याची केसासारखी तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर तो मूळ फ्यूज उडण्यापूर्वीच ती तापून लाल होईल, आणि तिच्याभोवती डिक्कीचे अस्तर, स्पंज, चिंध्या असे जे काही असेल ते पेट घेईल. लहान फ्यूज मात्र तत्काळ उडून मोकळा होतो. हा फ्यूज अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो न लावता दिलेली जोडणी कोणीही स्वीकारू नये, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

काळ्या तारेसाठी रंगवलेला पत्रा चालत नाही. रंग खरवडून, उघड्या लोखंडावर बोल्टने ती आवळावी लागते. चित्रात आडव्या रेघा सरकू लागल्या किंवा चित्र थरथरू लागले, तर पुष्कळदा दोष या जागी सापडतो. अलीकडच्या ज्या गाड्यांत मागचे दिवे एलईडीचे असतात, त्यांत मात्र थरथरण्याचे कारण वेगळे असू शकते: तेथे दिव्याला जाणारी वीज सलग नसते, गाडीतला संगणक ती अतिशय जलद तुटक ठोक्यांनी पाठवतो, डोळ्याला तो दिवा स्थिर दिसतो, पण कॅमेऱ्याला ते ठोके जाणवतात. अशा गाडीत मधे रिले किंवा फिल्टर बसवावा लागतो. शिवाय हमीच्या मुदतीतल्या नव्या गाडीची मूळ तार कापली, तर विजेच्या बिघाडाची हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. तेथे कपलरचीच जोडणी मागावी.

केबल मागून पुढे नेण्याचा मार्ग हाही काळजीचा विषय आहे. डिक्कीचे दार दिवसातून अनेकदा उघडते आणि मिटते. त्या दाराच्या व गाडीच्या अंगाच्या मधे सुरकुत्यांची एक रबरी नळी असते, मूळ तारा तिच्यातून जातात, आणि नवी केबलही तिच्यातूनच ओवून न्यायला हवी. ते काम किचकट असते, म्हणून काही जण केबल दाराच्या फटीतून तशीच काढतात. मग रबर नीट बसत नाही, पावसाळ्यात डिक्कीत पाणी येते, आणि वर्षभरात ती केबल दाबून दाबून तुटते. पत्र्याला नवे भोक पाडावेच लागले, तर त्याच्या धारेवर रबरी वॉशर बसवलाच पाहिजे. पुढे ती केबल दरवाजांच्या उंबऱ्याच्या पट्ट्यांखालून, सीटच्या सरकत्या पट्टीपासून आणि हँडब्रेकच्या तारेपासून दूर ठेवीत पुढच्या खांबापर्यंत आणावी. या खांबाच्या आत पुष्कळ गाड्यांमध्ये पडद्यासारखा उलगडणारा एअरबॅग असतो. त्याच्या समोरून केबल नेली, तर अपघाताच्या वेळी तो नीट उलगडणार नाही. केबल त्याच्या पाठीमागूनच जावी, आणि पिवळ्या वेष्टनातल्या ज्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना टेस्ट लॅम्पही लावू नये.

कॅमेरा नंबरप्लेटच्या वर, मध्यभागी बसवणे उत्तम. चित्राच्या खालच्या कडेला बंपरची किनार किंचित दिसत राहील, इतका तो खाली वळवावा. किनार दिसत नसेल, तर बंपरला चिकटून बसलेले मूलही दिसत नाही, आणि मग हा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना, आणि आता जुन्या गाड्यांनाही, जी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावावी लागते, तिची कुलुपे एकदा बसली की तोडल्याखेरीज निघत नाहीत. तेव्हा नंबरप्लेटच्या स्क्रूंत अडकवायचा कॅमेरा घेऊन ती कुलुपे तोडण्याच्या भरीस पडू नये, आणि कॅमेऱ्याने क्रमांकाचे एकही अक्षर झाकले जाणार नाही याचीही खातरजमा करावी. चिकटपट्टीवर कॅमेरा ठेवण्यापेक्षा तो स्क्रूने बसवावा. पट्टीचा गोंद परभणीच्या उन्हाळ्यात टिकण्याचा भरवसा नाही.

पडद्यावरचे चित्र आरशातल्याप्रमाणे उलटवलेले असावे, म्हणजे डावीकडची वस्तू डावीकडेच दिसते. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या तारेवर दोन छोटे फास असतात, एक कापला की चित्र सुलटे-उलटे होते, दुसरा कापला की रंगीत रेषा जातात. चित्र नीट पाहिल्याखेरीज त्यांना कात्री लावू नये. हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेषांविषयी मात्र गैरसमज फार आहे. त्या रेषा चित्रावर छापल्यासारख्या असतात. गाडी कुठे वळणार, मागे किती अंतर आहे, यांपैकी काहीही त्यांना ठाऊक नसते. त्यांना अर्थ द्यायचा तो आपण द्यायचा. सपाट जागी गाडी उभी करून बंपरपासून एक, दोन आणि तीन मीटरांवर विटा ठेवाव्यात, पडद्यावर त्या कोणत्या रेषेवर येतात ते पाहावे, आणि कॅमेऱ्याचा कोन त्याप्रमाणे पक्का करावा. रुंद भिंगामुळे जवळची वस्तू आहे त्याहून दूर भासते, हेही या विटांवरून चालकाला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पटते. मालवाहू गाडीची ही परीक्षा दोनदा करावी, रिकामी असताना आणि भरलेली असताना. कारण माल भरला की मागचे पाटे दबतात, गाडीचे ढुंगण खाली जाते आणि कॅमेरा जमिनीकडे अधिक झुकतो. रिकाम्या गाडीवर बसवलेला कोन भरलेल्या गाडीत खोटा ठरतो, आणि माल उतरवायला मागे जाताना गाडी भरलेलीच असते.

मोठ्या ट्रकांची आणि बसची वीज २४ व्होल्टची असते; त्यांना मोटारीचा १२ व्होल्टचा कॅमेरा लावला, तर तो काही क्षणांत जळतो. त्यासाठी दोन्ही दाबांवर चालणारा कॅमेरा किंवा मधे कन्व्हर्टर घ्यावा, आणि केबलही दहा-पंधरा मीटरांची लागते. बिनतारी कॅमेऱ्याचे आकर्षण येथे वाढते. परंतु बिनतारी म्हणजे केवळ चित्र बिनतारी, वीज मागे न्यावीच लागते, आणि लोखंडी बॉडीच्या आडून चित्र अडखळते. लांब गाडीला तारेचीच जोडणी अधिक विश्वासाची, असे माझे मत आहे.

ट्रॅक्टरचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो टाळता येण्यासारखा नाही. गळीत हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात आणि तोडणी कामगारांच्या कोप्यांच्या आसपास रात्री-अपरात्री मागे-पुढे होत असतात. कोप्यांत लहान मुले असतात, आणि ट्रॉलीच्या उंच भाऱ्यांमुळे चालकाला मागचे काहीच दिसत नाही. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना रिव्हर्सचा दिवाच नसतो, म्हणजे कॅमेऱ्याला वीज देणारी ती सोयीची तारही नसते. अशा ठिकाणी ट्रॅक्टरवर स्वतंत्र स्विच बसवून, ट्रॉलीच्या मागे कॅमेरा व एक पांढरा दिवा, आणि हूकपाशी सहज सुटणारा पाणीबंद कपलर, अशी तजवीज करता येते. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील, तर मात्र कॅमेरा काहीही करू शकत नाही. ती जोडी उलटी नेऊच नये, मागची ट्रॉली सोडून मगच हालचाल करावी.

काळ्या मातीचा चिखल हा या साधनाचा नित्याचा शत्रू आहे. पावसाळ्यात शेतरस्त्याने आलेल्या गाडीच्या भिंगावर त्याचा थर बसतो, आणि हिवाळ्याच्या पहाटे दव. दोन्ही वेळी पडद्यावर करडा धूसरपणा उरतो. ओल्या फडक्याने भिंग पुसणे हे डिझेल पाहण्याइतकेच रोजचे काम समजावे. कॅमेरा घेताना त्याच्यावर आयपी ६७ अशी खूण पाहावी. तिचा अर्थ असा, की धूळ आत जाणार नाही आणि एक मीटरपर्यंत पाण्यात अर्धा तास बुडाला तरी पाणी शिरणार नाही. रात्री दिसते असे खोक्यावर लिहिलेले असते, पण कॅमेऱ्यातल्या त्या छोट्या दिव्यांची पोच चार-दोन हातांची. रात्री कॅमेऱ्याला खरा उजेड देतो तो रिव्हर्सचा दिवाच, म्हणून तो जळालेला असेल तर आधी तो बदलावा.

कायद्याच्या बाजूने अडचण नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये नोंदणीच्या दस्तऐवजातील मूळ तपशील बदलेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. कॅमेऱ्याने तसा कोणताही तपशील बदलत नाही. आरसा असणे मात्र बंधनकारक आहे, म्हणून आरसा काढून नुसता पडदा लावू नये. विम्याच्या वेळी हे जादा साहित्य जाहीर करून थोडा अधिक हप्ता भरला, तर चोरी किंवा अपघातात त्याची भरपाई मागता येते.

कॅमेरा बसवला म्हणून खाली उतरून पाहण्याची जबाबदारी संपत नाही. भिंगाच्या कक्षेबाहेर, चाकांच्या बाजूला उभे असलेले मूल एका पावलात गाडीमागे येते. आणि पडद्यावर डोळे खिळवून बसलेल्या चालकाचे पुढचे चाक वळताना कुठे जाते, हे त्या पडद्यावर दिसत नाही. आवारात माणसे असतील, तर एकाने खाली उभे राहावे, चालकाने काच उघडी ठेवावी आणि गाडी इतक्या सावकाश मागे घ्यावी, की हाकेसरशी ती थांबेल.

गाडी दुकानातून बाहेर काढण्यापूर्वी एवढे करून घ्या. एक रिकामी बादली बंपरपासून हातभर अंतरावर, प्रथम मध्यभागी, मग डाव्या कोपऱ्यात, मग उजव्या कोपऱ्यात ठेवा आणि प्रत्येक वेळी ती पडद्यावर पुरती दिसते की नाही ते चालकाच्या जागी बसून पाहा. डिक्की दहा वेळा उघडून मिटा आणि चित्र थरथरत नाही याची खात्री करा. फ्यूज कोठे बसवला आहे, तो कारागिराला बोटाने दाखवायला सांगा. यांपैकी एका गोष्टीचे जरी समाधान झाले नाही, तरी ती दुरुस्त होईपर्यंत पैसे देऊ नका.